कोटाची इस्त्री

हॉटेल,
९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहून त्याचा फोटो तुझ्या सूनबाईला पाठवतेय. तिच्याकडून वाचून घे.

ताई, विमान आलं, आम्ही आलो, पण बॅग भलत्याच गावाला गेली. तू ह्यांच्यासाठी शिवलेला काळा कोट तिच्यात, माझे धड कपडे तिच्यात. परवा ऑपेरा, आणि अंगावर काय, तर टूरवाल्यांनी दिलेलं पिवळंधमक जॅकेट! त्या अवतारात दारावरचा माणूस आत सोडेल का गं? गाईडबाई हसल्या, म्हणाल्या की पर्यटक काहीही घालून जातात. ह्यांचंही तेच. मला मात्र धीर धरवत नाही.

पुढच्या महिन्यात ह्यांच्या कानामागची गाठ काढली की उरलेला एक कानही जाणार, हे तुला ठाऊकच आहे. जन्मभर रेकॉर्डवर ऐकलेलं ते एक गाणं एकदा समोर बसून, माइकशिवाय ऐकायचं, एवढ्याचसाठी इतक्या लांब आलोय. ते पहिल्याच अंकात आहे. कपड्यांपायी ते हुकलं तर मी काय करू? काय घालू ते सांग, लवकर सांग.

तुझी,
धाकटी

१० नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आधी नाक पूस. ह्या वयात रडून डोळे सुजवलेस तर कुठलाच कपडा शोभायचा नाही. विजारी धुऊन वाळव आणि गादीखाली दाबून ठेव, घडी बसेल. हॉटेलातल्या वाढप्यांचे काळे कोट असतात, त्यातला एखादा रात्रीपुरता माग. लाजू नकोस.

बॅग आलीच, तर कोटाचे खिसे मी कच्च्या टाक्याने बंद केलेत ते आठवणीने उसव. कॉलरला ओलं फडकं ठेवूनच इस्त्री फिरव. आपल्या दुकानातला कपडा चुरगळलेला दिसला की बाबा दोन दिवस जेवत नसत, हे विसरू नकोस. मेहुण्यांना सांग, माझा कोट झोकात मिरवा.

माया आहेच, ती सांगायला हवी का?

तुझी,
ताई

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, घात झाला.

आम्ही निघत होतो. हे पिवळं जॅकेट घालून दारात उभे. तेवढ्यात बॅग आली. कोट काढला तर नुसता बोळा! हे म्हणाले, असू दे, चल. मी म्हटलं, दोनच मिनिटं. इस्त्री मागवली, टाके दातांनी तोडले, फडकं ओलं केलं. कॉलर मनासारखी बसेना. ह्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शिंप्याची पोर ना मी, हात थांबेल तर शपथ!

कोट काय दिसला गं त्यांना, अगदी नवरदेव! पण पोचलो तेव्हा दारं बंद झाली होती. तिथे वाद्यं सुरू झाली की मध्यंतरापर्यंत कुणालाच आत सोडत नाहीत. मी त्या दारवानापुढे हात जोडले, ह्यांचा कान दाखवला. तो बिचारा कळवळला, पण दार उघडेना.

आणि ते गाणं सुरू झालं. मला दारातून ऐकू येत होतं. हेही कान लावून उभे होते, पण चेहरा कोरा. ह्यांना काहीच ऐकू येत नाहीये, हे मी ओळखलं. मी त्यांचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि जसं ऐकू येईल तसं त्यांच्या कानात गायले. मी, ताई! शाळेत बाई जिला नुसते ओठ हलवायला सांगायच्या ती! शब्द येत नव्हते, लालाला करत होते आणि रडत होते.

मध्यंतराला लोक बाहेर आले. कुणी स्वेटरमध्ये, कुणी खेळायच्या बुटात. आमच्या टूरमधलं एक पिवळं जॅकेटसुद्धा आतून आलं. पुढचा भाग आम्ही बसून ऐकला. पण ते गाणं गेलं. मी माझ्या हाताने घालवलं. आता मला कुणाचीच समजूत पटत नाही.

तुझी,
करंटी

घर,
३ डिसेंबर

ती. ताईंस,
कृ. सा. न. वि. वि.

उद्या ऑपरेशन. हे पत्र मुद्दाम टपालाने पाठवतोय, कारण सूनबाईंच्या फोनवर गेलेली गोष्ट हिच्यापर्यंत यायला वेळ लागत नाही.

त्या दाराशी मला गाणं ऐकू येत होतं. बारीक, पण स्वच्छ. मी डोळे मिटून जीव कानात आणला होता, आणि तेवढ्यात हिने माझी हनुवटी ओढली. काय तो सूर, ताई! माझा एकच कान. पुन्हा दाराला लावता आला असता. नाही लावला. ते गाणं मी हजारदा ऐकलंय. ही माझ्यासाठी कधीच गायली नव्हती.

हिला सांगू नका. दोनदा गाणं बुडवलं म्हणून जन्मभर कपाळ बडवून घेईल. तुम्हीही इस्त्रीचं सांगितलंत म्हणून मनाला लावून घेऊ नका. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? सकाळपासून नळाचं पाणीसुद्धा ऐकत बसलोय.

उद्या तुमचा कोट घालून जाणार आहे. ही आत्ता पलीकडच्या खोलीत त्याला इस्त्री करतेय आणि तेच गाणं गुणगुणतेय, तितकंच बेसूर. मी मधलं दार उघडं ठेवलंय.

लोभ आहेच. उद्यापासून तो लिहूनच कळवत जा.

आपला,
मेहुणा