कडुलिंबाचा पाला

बालाघाट, १८ जानेवारी २०२५

ती. अनुसयाताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या चिन्नोर धानाची दोन पोती तुझ्या गड्याने, फकिराने सुखरूप पोचवली. गिरणीत मी स्वतः उभा राहून दोन्ही भरडून घेतली. भात शिजला तेव्हा शेजारचे येऊन चौकशी करून गेले. कोंडा तुझ्या म्हशीसाठी बाजूला ठेवलाय. एका पोत्यात मात्र कडुलिंबाचा एवढा पाला निघाला की गिरणीवाला वैतागला. म्हातारपणी धानालाही औषध द्यायला लागलीस का?

सुनीतीचा नमस्कार. नात ईरा रोज तुझं नाव काढते. गुडघ्यांना तेल लाव आणि आमच्यावर अशीच माया असू दे.

तुझा नंदकिशोर


परसवाडा, २७ जानेवारी

चि. नंदकिशोर यास,
अ. उ. आ.

फोनवर हे बोलवलं नसतं, म्हणून लिहिते. खायच्या धानात आपण पाला कधी घालतो रे? पाला फक्त बियाण्यात, कीड लागू नये म्हणून. फकिराकडून पोतं बदललं. आईने लग्नात भंडाऱ्याहून ओटीत आणलेलं बी होतं ते, सगळं तुम्ही भरडून घेतलंत.

खंत करू नकोस. बैलजोडी मागच्याच वर्षी गेली. कापणीचं मशीन येतं, पण पेंढ्याचा भुगा करून शेताच्या बांधीतच टाकून जातं, आणि म्हशीच्या वैरणीसाठी मला शेजाऱ्यांकडे हात पसरावा लागतो. त्यातून आपलं धान उंच वाढतं आणि लोळतं, हातानेच कापावं लागतं, आणि माणूस मिळत नाही. सगळे लावतात तेच विकतचं बी आता मीही लावीन. थकले मी, नंदू.

सुनीतीला आणि ईराला आशीर्वाद. उरलेला तांदूळ सणासुदीला शिजवा आणि माझी आठवण ठेवा.

तुझी ताई


बालाघाट, ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचून सुनीतीने त्या दिवशी भात लावलाच नाही. जन्मभर सरकारी कचेरीत लोकांच्या जमिनीचे कागद तपासले आणि घरच्या पोत्यातला पाला ओळखला नाही. मला फार लाज वाटली.

ईराने दारावरच्या लोंब्यांच्या तोरणाकडे बोट दाखवलं. कापणीच्या वेळी ती आली होती, तेव्हा चिमण्यांसाठी तूच लोंब्या गुंफून दिल्या होत्यास. चिमण्यांनी बऱ्याच खाल्ल्या आहेत. उरलेल्या आम्ही तिघांनी ताटात चोळल्या, दोन मुठी निघाल्या. डब्यात घालून फकिराच्या हाती पाठवतो. पालाही घातलाय. त्या बिचाऱ्याला बोलू नकोस आणि माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा नंदू


परसवाडा, २५ जून

चि. नंदकिशोर यास,
अ. आ.

चार महिने उत्तर दिलं नाही, कारण मी खोटं लिहिलं होतं. फकिरा चुकला नव्हता. बियाण्याचं पोतं मीच त्याला उचलायला लावलं. त्याने दोनदा विचारलं की बाई, बियाणं काहून धाडून राह्यली. मी म्हटलं, ने. घरात बी असलं की पेरावं लागतं, नसलं की कोणी विचारत नाही. किड्यांनी खाण्यापेक्षा तुम्ही खावं, एवढंच मनात होतं. वर दोष त्याच्यावर टाकला. त्याची माफी मागितली, आता तुमची मागते.

तुझा डबा आला तेव्हा मला रागच आला. सुटले होते, तू परत बांधलंस. तो फळीवर टाकून दिला होता. या महिन्याच्या सुरुवातीला उघडला, तर पाल्याचा चुरा झालेला आणि एकाही दाण्याला कीड नाही. मग हातांनी ऐकलं नाही. गोठ्यामागे शेणखत घालून खाटेएवढा वाफा केला. आता वीतभर रोपांचे पऱ्हे आले आहेत.

पुढच्या आठवड्यात रोवणी, ते उपटून चिखलात लावायचे. माझ्या गुडघ्यांना वाकवत नाही आणि एवढ्याशा तुकड्यासाठी कोणी बाई येत नाही. बी तू धाडलंस, तेव्हा वाकायलाही तूच ये. जुनी पँट आण. ईरालाही आण, तिला रोपांची मूठ कशी धरायची ते दाखवीन.

लोभ या वेळी कागदावर नको, चिखलात दाखव.

तुझी ताई