चार नंबरचं किट

प्रिय राणी,

तुझी सोनिया माझ्या वर्गात येऊन महिना झाला. मी इथे शिकवते म्हणून तू तिला निर्धास्तपणे वडूजहून सांगलीला धाडलंस. होस्टेलच्या आमटीला नावं ठेवते, पण पोटभर जेवते. मात्र कॉलेज सोडायचं तिच्या मनात आलंय आणि ते तिनं तुझ्याआधी मला सांगितलं. डिजिटलच्या तासाला पोरगी झकास असते, शून्य आणि एकची गणितं सगळ्यांच्या आधी सोडवून खिडकीबाहेर बघत बसते. पण ॲनालॉगच्या प्रॅक्टिकलला सुईचा मीटर समोर आला की रीडिंग शेजारणीला घ्यायला लावते. कारण विचारलं तर म्हणाली, "मॅडम, आमच्या आईला मीटर वाचता आला न्हाई, म्हणून ती नापास झाली. आमच्यात ते न्हाईच." सोमवारी ती नाव काढायचा अर्ज देणार आहे.

मी मुद्दामच फोन केला नाही. फोनवर तू "जाऊ दे गं" म्हणाली असतीस आणि मी सुटले असते.

साताऱ्याची आपली लॅब आठवते ना? सिनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायची तिथे पद्धतच होती. मी तर मीटरकडे न बघता तक्ते भरायची. तू एकटी खुळ्यासारखी सुईवर डोळा लावून बसायचीस आणि मी तुला लय चिडवायची. परीक्षेला तू चिठ्ठी उचललीस आणि तुला झेनर डायोडचं चार नंबरचं किट आलं. इनपुट कितीही वाढवलं तरी आउटपुट एकाच आकड्यावर धरून ठेवायचं, एवढंच त्या डायोडचं काम. सगळ्यांना तोंडपाठ असलेला आकडा पाच पॉइंट एक. तुझ्या कागदावर मात्र आकडे वर वर चढत गेलेले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तुला सगळ्यांसमोर विचारलं, मीटर वाचता येतो का तुला? तू म्हणालीस, "सर, मला दिसतंय त्येच लिवलंय." मग तू माझ्याकडे बघितलंस. मी पलीकडच्याच टेबलावर होते, आणि मी मान खाली घालून माझ्या वायरी नीट करत बसले.

तू नापास झालीस. तुझ्या वडिलांनी ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्मसुद्धा भरू दिला नाही. तुळशीची लग्नं लागली आणि पंधरा दिवसांत तुझंही लागलं. हळदीच्या अंगानं तू पाव्हण्यांना सांगत होतीस, ही माझी मैत्रीण लय हुशार, मला यंत्रातलं काय कळत न्हाई. मी हसले आणि ते कौतुक घेऊन घरी आले. त्या कौतुकाची आजही मला किळस येते. तेवीस वर्षं मी पोरांना झेनर शिकवतेय. दर वर्षी तो तास आला की मी फळ्याकडे तोंड करून बोलते.

तो डायोड मी जाळला होता, राणी. परीक्षेच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, सरावाला म्हणून एकटीच गेले होते. करंट आवरणारा मधला रेझिस्टर न घेता सरळ सप्लायला जोडला. पेटी बंद, वरून काही दिसलं नाही, नुसता जळका वास आला. मोडतोड करणाऱ्याचं सबमिशन घेणार नाही असं सरांनी बजावलं होतं, म्हणून वायरी गुंडाळून निघून आले. मेलेला डायोड काहीच धरून ठेवत नाही, इनपुट चढेल तसं आउटपुट चढतं. तुझा प्रत्येक आकडा खरा होता. हे सोनियाला सांगायला मी दोनदा तिच्या टेबलापाशी गेले आणि दोन्ही वेळा फ्यूज तपासायला सांगून माघारी फिरले. ती मला मॅडम म्हणते, ते जाईल याची भीती वाटली. या वयातसुद्धा. शनिवारी ती घरी येईल तेव्हा हे पत्र तिच्या हातात दे आणि समोर बसवून मोठ्यानं वाचायला लाव. तिच्या आईला मीटर वाचता येत होता.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेली,
संयोगिता