मामाजींचं बेंड आणि तिसरी पिढी

९ नोव्हेंबर १९९८
आजपासून रोज लिहायचं. चंद्रपूरला कंपनीचं ट्रेनिंग झालं. सेफॅलोस्पोरिन गटाचं अँटिबायोटिक जंतूला स्वतःची भिंत नीट बांधू देत नाही. भिंत कच्ची राहिली की जंतू फुटतो. सेफॅलेक्सिन पहिल्या पिढीचं, आमचं सेफिक्झिम थेट तिसऱ्या! पुढचं ट्रेनर सांगत होते तेव्हा मी जेवणात काय आहे ते बघायला गेलो. मुद्दा कळला होता. ब्लॅक अँड व्हाइटनंतर कलर टीव्ही.

१२ नोव्हेंबर
सासुरवाडी, सावलीजवळ. मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, तळ्यावर मासे धरायला जाणं बंद. पोटरीवर हे एवढं बेंड. सावलीच्या डॉक्टरांनी सेफॅलेक्सिन दिलेलं. घरचा जावई औषध कंपनीचा एमआर असताना पहिली पिढी? बंद करायला लावलं. सॅम्पलचं सेफिक्झिम सुरू केलं. गोकुळा म्हणाली, आधी डॉक्टरांना विचारा. बायकोला सायन्सची भीती वाटते.

१४ नोव्हेंबर
बेंड वाढलं. औषध आत झुंजतंय, म्हणूनच.
गोकुळाशी बोलत नाही. खरं तर तीच बोलत नाही.

१५ नोव्हेंबर
मामाजींना ताप. एसटीडी बूथवरून ट्रेनरला फोन केला. म्हणाले, पुढच्या पिढ्या दुसऱ्या जातीच्या जंतूंवर भारी. कातडीत पू करणाऱ्या स्टॅफ जंतूवर पहिलीच पिढी चांगली, सेफिक्झिम जवळजवळ निकामी. हे शिकवलं तेव्हा कुठे होतात, असंही विचारलं. लाइन खराब आहे म्हणालो.
फार लाज वाटतेय. मामाजींनी एकही गोळी चुकवली नव्हती, मी दिली म्हणून. उद्या डॉक्टरांसमोर सगळं कबूल करायचं. नक्की.

१६ नोव्हेंबर
मामाजींना मोटरसायकलवर बसवून नेलं. डॉक्टरांनी बेंड चिरून पू काढला, सेफॅलेक्सिन पुन्हा सुरू केलं. अजून उशीर झाला असता तर पाय गेला असता म्हणे. मग भडकले. माझी गोळी कोणत्या बोगस डॉक्टरने बदलली? नाव सांगा, पोलिसात देतो.
मी तोंड उघडलं. म्हणालो, असेल सर कुणीतरी, खेड्यापाड्यात काय हो.

परतताना अर्धा रस्ता संपला. मग मामाजी मागून हळूच म्हणाले, त्या बोगस डॉक्टरले पोलिसात देऊ नका म्हना जी, जवाईबापू. त्याच्या घरी आमची पोरगी हाये.
मी हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुणीच नव्हतं.