सत्त्याण्णव गुणांची जर्मन

तीर्थरूप शरणबसप्पा भावजी यांस मुरुमहून गौरीशंकरचे शरणु शरणार्थी.

सोलापुरात आपली गुडघेदुखी नव्या तेलाने उतरली असेल, अक्काचा रक्तदाब काबूत असेल आणि चि. शंभुलिंगला बारावीत जर्मनमध्ये मिळालेल्या सत्त्याण्णव गुणांचे पेढे आता तरी संपले असतील, अशी आशा आहे. इकडे आमची अव्वा, म्हणजे आपल्या सासूबाई, ठणठणीत आहे. (तिच्या प्रकृतीची चौकशी करायला येणारेच दमून परत जातात.)

भावजी, एक कोडे तुमच्याही ध्यानात आले असेल. आपल्या मुरुमच्या बाजारात माणूस कानडीत भाव विचारतो, मराठीत घासाघीस करतो आणि व्यवहार फिसकटलाच तर दखनीत समोरच्याची समजूत काढतो. पण या तिन्ही भाषांत त्याला कोणी कधी शंभरपैकी दहा गुणही दिलेले नाहीत. याउलट, ज्या मुलाला परदेशी भाषेत नव्वदच्या वर गुण असतात, त्याच्या तोंडून ती भाषा त्याच्या जन्मदात्यांनीही ऐकलेली नसते. असे का व्हावे? माझे सारे आयुष्य शाळेत भूगोल शिकवण्यात गेले असल्यामुळे कोणतीही गोष्ट पायरीपायरीने उलगडून सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही. तेव्हा सांगतो.

आपल्या नव्या घराच्या वास्तुशांतीला, भर पंगतीत, हातातला बुंदीचा लाडू उंचावून आपण जाहीर केलेत की परदेशी भाषा घेतल्याखेरीज हल्ली चांगल्या कॉलेजात पोराला उभे करत नाहीत. माझ्या महेश्वरीला लातूरला अकरावीत प्रवेश मिळालेला, आणि भाषा कोणती घ्यायची ते शनिवारपर्यंत कळवायचे. (आपण हे वाक्य उच्चारताना माझ्याकडेच पाहत होतात, हा केवळ योगायोग असणार.) मी त्याच रात्री तक्ता आखला. आडव्या ओळींत जर्मन, फ्रेंच आणि जपानी. उभ्या रकान्यांत गुणांची हमी, पेपरची लांबी आणि नातेवाइकांवर पडणारी छाप. शेवटच्या रकान्यात तिन्ही भाषा तुल्यबळ निघाल्या.

अव्वाने मात्र तक्ता म्हणजे आलेल्या स्थळांची यादी समजून रीतसर चौकशी आरंभली. “जपानी घराणं चांगलं आसंल बाबा, पर त्येंच्यात शाकाहारी हाय का न्हाय?” भाषा शिकणे म्हणजे त्या घरात नांदायला जाणे नव्हे, हे मी तिला सोदाहरण समजावले. तिने शांतपणे, मी कॉलेजातून आणलेल्या नमुन्याच्या जपानी पुस्तकातला तिसरा धडा उघडून माझ्यापुढे धरला. एक कुटुंब हॉटेलात बसलेले आणि ताटात डोळे उघडे असलेला मासा. जपानी बाद झाली. फ्रेंच गोगलगायीपायी गेली. जर्मनच्या चित्रात नशिबाने उकडलेला बटाटा होता. (अशा प्रकारे एका मुलीच्या उच्च शिक्षणाची दिशा बटाट्याने ठरवली. तक्त्याखाली मी “सर्वंकष विचारांती” असे लिहून सही केली आहे.)

मग लातूरच्या एका नावाजलेल्या क्लासात गेलो. तिथल्या सरांनी महेश्वरीला पहिलाच प्रश्न विचारला, “बेटा, बोलायचंय की मार्क पाहिजेत?” ती म्हणाली, “बोलायचंय.” सरांचा चेहरा पडला. चुकीच्या बॅचला आल्याचे त्यांनी सौम्यपणे सांगितले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, की बोलण्याच्या नादी लागलेल्या मुलांचे फार नुकसान होते. त्यांच्याकडे पुस्तक उघडतच नाहीत, नोट्स देतात. मी प्रभावित झालो. मुरुम आल्यावर महेश्वरी म्हणाली, “अप्पा, न बोलायचीच भाषा घ्यायची तर मी मुकीच बरी की.”

तिचे मन वळावे म्हणून आपण उदार मनाने शंभुलिंगला चार दिवस आमच्याकडे पाठवलेत. त्याला घेऊन आम्ही येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला गेलो. परतताना हायवेवरच्या हॉटेलात भज्यांसाठी थांबलो, तर शेजारच्या टेबलावर साक्षात एक जर्मन! पवनचक्क्यांच्या कामावर आलेला, साठीचा, लालबुंद, मिरचीचे भजे नको इतक्या धीटपणे खाऊन बसलेला इंजिनियर. भावजी, देवीचे दर्शन असे हातोहात फळाला आलेले मी प्रथमच पाहिले. मी त्याला इंग्रजीत विनंती केली, की माझा भाचा आपल्या भाषेत सत्त्याण्णव गुण मिळवून आहे, तरी त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. त्या सद्गृहस्थाने खुर्ची वळवली आणि हसून काहीतरी विचारले. शंभुलिंगने माझ्याकडे पाहिले. “मामा, ऑप्शन देत न्हायत का हे?”

“दीर्घोत्तरी समज!” मी त्याला धीर दिला.

मग मात्र त्याने डोळे मिटले, हात मागे बांधले आणि एका दमात अशी काही जर्मन सोडली, की भजी तळणारा झारा हातात घेऊन बाहेर आला. आम्हा सर्वांची छाती भरून आली. अव्वाने त्याच्यावरून बोटे मोडली. इंजिनियर अदबीने शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि नंतर इंग्रजीत मला म्हणाला, की मुलाने फार सुंदर पत्र म्हणून दाखवले. त्यात तो पीटर नावाच्या मित्राला वाढदिवसाचे निमंत्रण देत आहे. मला यायला आवडेल, पण मी पीटर नाही, आणि मी फक्त याचे नाव विचारले होते.

इतक्यात महेश्वरीने खुर्ची पुढे ओढली आणि पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवून पाण्याला काय म्हणतात ते त्याला इंग्रजीत विचारले. त्याने सांगितले. ‘कृपया’ला काय म्हणतात? तेही सांगितले. तिने दोन्ही जोडून, बरेचसे मुरुमच्या हेलात, त्याच्याकडेच पाणी मागितले, आणि त्या म्हाताऱ्याने उठून, दोन्ही हातांनी, तिचा पेला भरला. शंभुलिंग म्हणाला, “पाण्याचा धडा आमच्या सरांनी ऑप्शनला टाकलावता.” कोड्याचे उत्तर यापेक्षा सुबोध भाषेत मला देता येणार नाही.

अक्काला नमस्कार. कळावे, लोभ आहेच. पेढ्यांनंतरही उरला आहे.

आपला,
गौरीशंकर

ता.क. वरील सर्व अनुभवानंतर महेश्वरीने जर्मन घेऊ नये असेच माझे ठाम, साधार मत झाले होते. तिने काल जर्मनच घेतली. क्लास लावणार नाही म्हणते. पुस्तके पहिल्या पानापासून वाचणार, बटाटा, पाणी सगळ्यांसकट. गुण पडतील ते पडोत, म्हणते. माझा जीव थोडा थोडा होतो आहे, पण तक्त्यावर सही माझीच आहे.

आणखी एक ता.क. खरे तर पत्र यासाठीच लिहायला घेतले होते : शंभुलिंगची जर्मनची सगळी पुस्तके एस.टी.ने पाठवून द्यावीत. जुनी चालतील, असे म्हणणार होतो. पण ती नवीच असतील.

शेवटचा ता.क. पुस्तके द्यायला अक्काचे मन होत नसेल, तर एक सोपी परीक्षा घ्या. आज रात्री जेवताना तांब्या आपल्या बाजूला ठेवा, आमटी जरा झणझणीत करायला सांगा आणि शंभुलिंगला जर्मनमध्ये पाणी मागू द्या. मागितले, तर पुस्तके खुशाल घरीच ठेवा. नुसता पीटरला बोलावू लागला, तर तांब्या द्या त्याला, आणि पुस्तके सकाळच्या गाडीत.