होती नाही, आहे

आदरणीय दादांस,

प्रभूमध्ये सलाम. देवाच्या कृपेने आम्ही सर्व बरे आहोत (हे हाताच्या सवयीने लिहून गेलं, खरं नाही). तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि तुमचा आमच्यावरचा राग, तिन्ही कसे आहेत ते कळवावं.

पत्र लिहिण्याचं कारण, तुमच्या बहिणीला मी भर उपासनेत मारलं (हात लावला नाही, नुसत्या तोंडाने). झालं असं, की आमच्या नव्या पाळकांनी टूम काढली. आभार मानताना अन्न, वस्त्र, नोकरी असलं काही म्हणायचं नाही. मंडळीतल्या एका माणसाबद्दल, त्याच्यासमोर, देवाचे आभार मानायचे. पहिल्याच रविवारी बेकरीवाल्याने आपल्या सासूबद्दल आभार मानले, तर सासूने बाकावरूनच विचारलं, कशाबद्दल? बिचाऱ्याला काही केल्या आठवेना. मग माझी पाळी आली.

आता माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. उभा जन्म थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरण्यात गेला, आणि दगडाला वर्तमानकाळ लागत नाही. ही कितीतरी दिवसांनी अंथरुणातून उठून आली होती, पहिल्या बाकावर, शाल गुंडाळून, पाठीला घरची उशी लावून. मी डोळे मिटले, घसा खाकरला आणि म्हणालो, हे देवा, माझ्या पत्नीबद्दल तुझे आभार. ती प्रेमळ होती, कष्टाळू होती, सर्वांना हवीहवीशी होती. हाताला जे वळण तेच जिभेला. मंडळीसुद्धा सवयीची, आमेन म्हणून मोकळी झाली, आणि मागे दोघींनी रुमाल काढले. डोळे उघडले तर ही माझ्याकडे बघत होती.

"होती नाही," ती म्हणाली, "आहे."

पाळकांनी घाईघाईने गीत सुरू केलं.

मंडळीला याचं इतकं वाईट वाटलं, की आता रोज कोणी ना कोणी घरी येऊन तिच्या उशाशी बसतं आणि तिच्याबद्दल देवाचे आभार मानतं (वर्तमानकाळात, अगदी जपून). परवा गायकवृंदातली उंच बाई आली. हिला जन्मभर बेसूर म्हणत आलेली तीच. म्हणाली, तुझ्यासारखा गळा देवाने दुसऱ्या कोणाला दिला नाही. त्या दिवशी तुमची बहीण पहिल्यांदा घाबरली. बाई गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. डॉक्टरांनी औषधं थांबवली आहेत. बदलायची आहेत म्हणून थांबवली, असं मी तिला सांगितलंय. तिला ते पटलं असावं. दादा, मला फार भीती वाटते.

काल मी विचारलं, तुला कोणाबद्दल आभार मानायचे आहेत? माझंच नाव येणार म्हणून मान खाली घालून बसलो होतो.

"दादाबद्दल," ती म्हणाली. "त्याने माझं कधी काही ऐकून घेतलं नाही."

असो. वहिनींना सलाम सांगा.

तुमचा मेहुणा

ता. क. आईच्या ज्या शिवणयंत्रावरून तुम्ही बोलणं टाकलंत, ते इथेच आहे. न्यायला म्हणून या. लवकर या.

आणखी ता. क. ती यंत्र सुखासुखी देणार नाही. तुम्हीही सोडू नका, चांगलं कडाडून भांडा. माफी मात्र मागू नका. तुम्हीसुद्धा गोड बोललात, तर तिला कळेल.