मिर्लाच्या घरात मोजलेला

४ मार्च

उद्या मराकाइबो शहरातून डॉक्टर येणार, मोजायला. ते दुखणं कुठल्या घरात किती. बाकी जगात म्हणे हुडकून सापडत नाही, आणि आमच्या तळ्याकाठी दोन-तीन घरांआड कोणीतरी हातपाय उडवतंय. चला, कशात तरी पहिला नंबर.

यूली म्हणते, आजी, असली थट्टा लिहू? लिही गं. शाळा तू शिकलीस, तोंड माझं.

५ मार्च

माझा नेरिओ, म्हणजे यूलीचा बाप, त्याला सकाळीच शेजारी मिर्लाकडे नेऊन बसवलं. हातपाय त्याचं ऐकत नाहीत, जीभही जड झालीय. डोकं मात्र जाग्यावर. मिर्लाचे दोघे भाऊ तसेच, पण ती लपवत नाही. म्हणाली, "मावशी, दोघांत तिसरा खपून जाईल."

मी लपवते का, तर रविवारी एंदरची आई यूलीला बघायला येणार. इथे पाहुणे आले की घरातल्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने कॉफी आणायची — काठोकाठ, घराच्या पाण्यावरच्या फळ्यांवरून चालत. का, ते कोणी बोलत नाही. सगळे पेल्याकडे बघत बसतात. नेरिओच्या हातात पेला कसा देऊ? आणि आज डॉक्टरांनी मोजलेलं उद्या काठभर पसरणार.

दुपारी आली डॉक्टरीण. पोरसवदा. आमच्या फळ्यांवर माझ्यापेक्षा तीच जास्त डुगडुगत होती.

"आजी, तुमच्या घरात कोणी?"

"कोणी नाही, बाई. आम्ही सगळे सरळ चालणारे."

तिने मिर्लाच्या ओट्याकडे बोट केलं. "ते तिघेही त्यांचेच?"

मधे पाणी ते कितीसं. नेरिओ माझ्याकडेच बघत होता.

"त्यांचेच असतील. मी नाही ओळखत."

त्याने मान फिरवली. ऐकू अगदी स्वच्छ येतं त्याला.

जाता जाता डॉक्टरीण म्हणाली, आईला किंवा बापाला असलं की पोराला होईल का नाही, ते नाणं उडवल्यासारखं. मागे यूली मासे साफ करत होती. तिची सुरी थांबली.

आत्ता तीच हे लिहितेय. मान वर करत नाही.

७ मार्च

सांगण्यासारखं काही नाही. नेरिओ अजून तिकडेच. रविवार उरकू दे, म्हटलं.

८ मार्च

एंदर आला, आई आली. मी पेला नेला, थेंब सांडला नाही. यूलीनेही नेला. बाईचा चेहरा खुलला. मग पलीकडे बघून म्हणाली, "काय बाई तुमचा शेजार. तो उघडा बसलाय तो कोण?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी यूली बोलली. "माझा बाप."

बाई उठली. एंदरने तिला हाताला धरून होडीत बसवलं. आणि स्वतःही बसला.

मी यूलीला म्हटलं, "घटकाभर गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"आणि लग्नात बापाच्या जागी कोणाला उभं करणार होतीस, आजी?"

९ मार्च

नेरिओला आणायला गेले. येईना. एकेक शब्द उपसून काढत म्हणाला, "मी... इथला. मोजलंय... ना तसं."

चेष्टेची खोड त्याने माझ्याकडूनच उचललेली, म्हणून मी हसले. तो हसला नाही.

मिर्ला म्हणाली, "राहू दे, मावशी. जेवलाय तो." माझ्या पोराला जेवू घालते आणि वर मलाच समजावते. तळलेली केळी नेली होती ती तिथेच ठेवली. कुठे बघत परत आले, आठवत नाही.

११ मार्च

डॉक्टरीण अजून गेलेली नाही, चर्चच्या अंगणात तपासणीसाठी रक्त घेत बसते. रांगेत सगळ्या वस्तीदेखत सांगितलं — नेरिओ माझा, माझ्या घरात मोजा. तिने खोडलं, परत लिहिलं. रागावली नाही. रागवायला हवी होती. म्हणाली, "तुम्हीच पहिल्या नाही, आजी. इथे निम्मी घरं हेच करतात. म्हणून तर आकडा जुळत नाही."

यूलीने दंड पुढे केला. "रक्त घ्या. उत्तर मात्र मी मागेन तेव्हाच."

कागदावर नेरिओ घरी आला. नुसता कागदावर.

१४ मार्च

एंदरची होडी आली. आई नाही, एकटाच. आमच्या धक्क्याला लागली नाही, मिर्लाच्या लागली. आता तो तिथे नेरिओचं डोकं छातीशी धरून त्याची दाढी करतोय. सावकाश, वस्तरा उचलून, थांबून, परत.

यूली म्हणते, आजी, बास कर, मला अक्षरं दिसत नाहीयेत.