दुसरं कडवं

तिसगाव,
नाताळनंतरचा मंगळवार

आदरणीय जॉनदादांना धाकट्या फिलिपचा प्रभूमध्ये सलाम. वहिनींचा गुडघा या थंडीत कसा आहे? तुमचा खोकला? इकडे सगळे सुखरूप आहेत, फक्त मी काही दिवस चर्चच्या गल्लीतून जायचं टाळतोय.

तुम्ही निवृत्त होताना दिलेला कॉम्प्युटर (तोच फोर-एटी-सिक्स, मेमरी आठ एमबी, म्हणजे आजच्या मोबाईलचा एखादा मोठा फोटोही त्यात मावायचा नाही) मी भंगारात दिला नाही. उलट त्यावरचं जुनं विंडोज काढून लिनक्स चढवलं, तेही पडद्यावरच्या खिडक्या-चित्रांसकट. मेमरी पुरत नाही म्हणून ते बिचारं अर्धं सामान हार्डडिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागलं की परत आणतं. बटण दाबून मी दाढी-अंघोळ उरकतो, तोवर माऊस हलायला लागतो. कृपा म्हणते, हे सगळं मोबाईलवर क्षणात होतं. होतं, पण त्यात आपण काय केलं?

तर, नाताळसाठी मी एक गीत रचलं. चार कडवी. पाळकसाहेबांनी उपासनेत म्हणायला परवानगी दिली. गीत नवं, कुणालाच पाठ नाही, म्हणून शब्द भिंतीवर दाखवायचे ठरले, आणि ते याच यंत्रावरून दाखवीन असं मी बोलून बसलो. (कृपा म्हणाली, झेरॉक्स काढा. मी ऐकलं नाही.) शाळेचा प्रोजेक्टर आणला, सकाळी लवकर जाऊन सगळं चालू करून ठेवलं, आणि उपासना सुरू होताना लाईट गेली. लगेच आलीही, पण यंत्राचं पुन्हा पहिल्यापासून.

पाळकसाहेबांनी प्रार्थना लांबवली. आजाऱ्यांसाठी झाली, ऊसतोडीला गेलेल्यांसाठी झाली, मग एक डोळा किलकिला करून भिंतीकडे पाहत त्यांनी एसटीच्या चालक-वाहकांसाठीही केली. अखेर पहिलं कडवं उमटलं. स्टेलाने पेटीवर सूर धरला, मंडळी छान गायली. मी दुसऱ्या कडव्यासाठी बटण दाबलं आणि हार्डडिस्क करकरायला लागली. पुढच्या बाकावरून बनुबाई म्हणाल्या, "मास्तर, सरकंल का न्हाई ह्ये?"

"सरकतंय," मी म्हणालो.

"मग तवर पयलंच म्हनू."

सगळ्यांनी पहिलंच म्हटलं. मग परत म्हटलं. मग टाळ्यांवर म्हटलं. मला मान वर करवेना. शेवटी पाळकसाहेबांनी आशीर्वाद देऊन टाकला आणि लोक केक खायला बाहेर गेले. दुसरं कडवं भिंतीवर आलं तेव्हा आत मी होतो, आणि प्रोजेक्टर परत न्यायला आलेला शाळेचा शिपाई. त्याने ते वाचलं आणि वायर गुंडाळायला घेतली.

पण दादा, पहिलं कडवं आता अख्ख्या गावाला पाठ आहे. काल कांदा लावायला निघालेल्या बायका टेम्पोत तेच म्हणत होत्या. कुणी रचलं हे त्यांना ठाऊकही नसेल. टेम्पो वळेपर्यंत मी रस्त्यावर उभा होतो.

तुमचा,
फिलिप

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. तुमच्या माळ्यावर मेमरीच्या जुन्या पट्ट्या पडल्या असतील, तर कुणाबरोबर तरी पाठवा. पुढच्या नाताळला उरलेली तीन कडवी घ्यायची आहेत.

आणखी ता. क. भाऊजी, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून लिहिते. पट्ट्या पाठवू नका. ती तीन कडवी मी वाचली आहेत. – कृपा